बँकेचे कुलूप आणि मिरचीचा ठसका

मिरचीच्या गोदामाचे दार उघडले की पहिली पाच मिनिटे कोणी बोलत नसे. शिंका आणि ठसके आटोपले की मग मोजणी सुरू होई. नंदुरबारच्या शाखेत गोदामकीपर असताना महिन्यातून एकदा ही पाच मिनिटे माझ्या वाट्याला येत. खिशात दोन रुमाल ठेवावे लागत, एक नाकासाठी आणि एक डोळ्यांसाठी.

गोदामकीपर हे पद आता बहुतेक बँकांतून गेले आहे, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. व्यापाऱ्याकडे माल असे, रोकड नसे. तो माल बँकेकडे तारण ठेवून पैसे उचली. माल त्याच्याच गोदामात राही, पण दाराला बँकेचे कुलूप लागे आणि भिंतीवर पाटी, 'या गोदामातील माल बँकेकडे तारण आहे.' पोती विकायची झाली की त्याने तेवढ्यापुरते पैसे शाखेत भरायचे, मी चावी घेऊन जायचे आणि तेवढी पोती मोजून बाहेर सोडायची. गोदाम त्याचे, माल त्याचा, राखणही त्याची. दार तेवढे आमचे.

नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. गावात तेलाच्या गिरण्या होत्या, कापसाचे जिनिंग होते. पण गावाची ओळख मिरचीची. दसरा-दिवाळीपासून तापीकाठच्या खेड्यांतून ओल्या लाल मिरचीच्या गाड्या येत. व्यापारी ती विकत घेऊन गावाबाहेर मोकळ्या जमिनीवर वाळत घालत. या जमिनीला पथारी म्हणतात. रेल्वेरुळांपलीकडून पाहिले तर हिवाळ्यात एकरच्या एकर लाल दिसे. वाळलेली मिरची पोत्यात भरताना तिच्यावर पाण्याचा हलका शिपका मारत, नाहीतर पायाने दाबताना तिचा चुरा होतो. ही गोष्ट मला पहिल्या वर्षापासून माहीत होती. तिचा पुढचा अर्थ कळायला तिसरे वर्ष उजाडले.

बँकेत येण्यापूर्वी धुळ्यातल्या एका साप्ताहिकात मी तीन वर्षे बातम्या लिहिल्या होत्या. तिथल्या संपादकांचा नियम होता, की पाहिले ते लिहा आणि वाटले ते घरी ठेवा. गोदामाच्या कामाला हा नियम सोयीचा होता. पोती मोजायची आणि नोंदवहीत लिहायचे, 'संख्या बरोबर. माल सुस्थितीत.'

ही हकीकत नरोत्तमभाईंच्या गोदामाची आहे. ते तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांतले. गावी केळीचा बाग, आणि नंदुरबारला वडिलांनी सुरू केलेली मिरचीची पेढी. घरी ते गुजरी बोलत, पथारीवर अहिराणी आणि बँकेत शाळेत शिकलेली मराठी. बँकेत येताना टोपी बदलून येत. त्यांच्या पथारीवर शंभरेक बाया मिरची निवडायला असत आणि त्यांच्यावर मुकादम होती मार्थाबाई. ती खांडबाऱ्याकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबातली. पहिल्यांदा हंगामाच्या मजुरीला म्हणून रेल्वेने आली आणि मग पथारीच्या कडेला झोपडी बांधून बारमाही राहिली. नाताळात चार दिवस खांडबाऱ्याला जाई. अवेळी पाऊस आला तर मिरची सावरणार कोण, म्हणून ते चार दिवस नरोत्तमभाई सारखे आभाळाकडे बघत असत.

शाखेच्या प्रमुखाला तेव्हा एजंट म्हणत. आमचे एजंट कामतसाहेब कारवारकडचे. बारीक अंगाचे, बंद गळ्याचा कोट, कायम छत्री. अडचणीतल्या व्यापाऱ्याशी बँक कशी वागते, हे पाहायचे तर एजंटच्या टेबलाकडे पाहावे. खाते चांगले चालत असले की व्यापाऱ्याला खुर्ची आणि चहा मिळे. खाते थकले की आधी चहा बंद होई, मग खुर्ची, आणि शेवटी तो बाहेरच्या बाकावर वाट पाहत बसे. पत्राचा मायनाही बदले. बऱ्याच शाखांत हीच रीत होती. कामतसाहेबांनी ती उलटी केली होती.

"ज्याचं खातं चांगलं आहे तो घरून चहा पिऊन येतो," ते म्हणत. "थकलेल्या माणसाला आधी चहा द्या. त्याच्या घशाला कोरड असते, खरं बोलायला ओलावा लागतो."

चहाचे पैसे ते स्वतःच्या खिशातून देत, कारण हेड ऑफिसने एकदा त्या खर्चावर लाल शाई मारली होती.

मी मात्र कामतसाहेबांसारखा नव्हतो. त्याला कारण होते अक्कलकुवा. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिथल्या एका व्यापाऱ्याने भुईमुगाच्या शेंगा तारण ठेवल्या होत्या. पावसाळ्यात तो म्हणाला, पोती जरा उन्हात टाकू द्या. मी परवानगी दिली. तीस पोती बाहेर गेली, संध्याकाळी तीस पोती आत आली. दिवाळीनंतर उघडली तेव्हा त्यांतल्या बावीस पोत्यांत वरचा थर शेंगांचा आणि खाली नुसती टरफले. मला मेमो मिळाला. तेव्हापासून माझा नियम झाला, की पैसे भरल्याशिवाय पोते उंबरा ओलांडणार नाही. ऊन दाखवायलाही नाही.

नरोत्तमभाईंचे खाते ज्या वर्षी थकले, त्या वर्षी त्यांची चूक कोणती, हे मला आजही सांगता येत नाही. आधीच्या हिवाळ्यात मावठ्याने पथारीवरची मिरची भिजली. भिजलेली मिरची पांढरट पडते. तिला फटकी म्हणतात आणि ती मातीमोल जाते. पुढच्या हंगामात माल उत्तम आला, पण तो सगळ्यांचाच उत्तम आला, त्यामुळे भाव बसला. आता विकले तर भांडवल जाईल म्हणून त्यांनी माल गोदामात धरून ठेवला आणि बँकेची मुदत टळली. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी हेड ऑफिसचा हुकूम आला. नरोत्तमभाईंच्या गोदामावर दुसरे कुलूप आणि लाखेचे सील लावावे, लेखी परवानगीशिवाय माल हलवू देऊ नये, आणि दिवाळीपर्यंत खाते मिटले नाही तर माल, गोदाम आणि पथारीची जमीन लिलावात काढावी.

पथारीची जमीन गेली तर पेढी संपली. ओली मिरची घेऊन ती घराच्या ओट्यावर वाळवता येत नाही.

सील मी लावले. नरोत्तमभाई शेजारी उभे होते. मार्थाबाई लांबून पाहत होती. लाख वितळवायला मेणबत्ती लागली, ती तिच्याच झोपडीतून आणली.

पावसाळा लागला तसे नरोत्तमभाई शाखेत आले. कामतसाहेब लांब रजेवर होते आणि चाव्या माझ्याकडे होत्या.

"भाऊसाहेब, उद्या उघडीप आहे असं दिसतं," ते बँकेच्या मराठीत म्हणाले. "पोती काढून ऊन दाखवतो. संध्याकाळी परत लावतो. तुम्ही समोर बसा, शिपाई बसवा."

"पैसे भरा आणि पोती घेऊन जा. नियम एकच आहे."

"पैसे असते तर ऊन मागायला आलो असतो का?"

मी त्यांना अक्कलकुव्याची गोष्ट सांगितली. ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"तो शेंगांत टरफलं घालणारा माणूस," ते उठताना म्हणाले, "त्याला माझा नमस्कार सांगा. त्याच्यामुळे माझी मिरची आत बसली."

असे ते तीन वेळा आले. एकदा आषाढात, एकदा नागपंचमीच्या आधी, एकदा श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवानंतर. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो. कामतसाहेब रजेवरून परतले तेव्हा मी त्यांना यातले काही सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही घडले आहे असे मला वाटले नव्हते.

महिन्याची तपासणी मात्र नियमाने होत असे. आधीच्या महिन्यांत सील लावलेल्या दाराची बाहेरून पाहणी करून मी नोंद केली होती. श्रावणात हेड ऑफिसने आत जाऊन मोजणीची परवानगी दिली. मी शिपायासह गेलो, सील काढले, दोन्ही कुलपे उघडली. बाहेरच्या रांगांतली पोती मोजली, उंचीने गुणली, आकडा जुळला. एकही पोते उघडले नाही. पुन्हा कुलपे, पुन्हा लाख. रुमाल खिशातून काढावा लागला नाही, याचे मला बरे वाटले.

मार्थाबाई दाराजवळ उभी होती. तिने माझ्याकडे टक लावून पाहिले.

"साहेब, आज तुमले शिंक नही ऊनी."

"बरं झालं की, बाई."

"बरं कसानं? मिरची मरी गई ना मंग."

मला कळले नाही. तिने लहान मुलाला सांगावे तसे सांगितले.

"जित्ती मिरची दार उघडं का नाकमा जास. मरेल मिरची गप बठस. तुम्ही पोता मोजतस साहेब. मिरची कोण मोजस?"

शिपाई हसला. मी नोंदवहीत लिहिले, 'संख्या बरोबर. माल सुस्थितीत.'

परत येताना रूळ ओलांडेपर्यंत मला तिचे म्हणणे पटलेले होते. भरताना मारलेला पाण्याचा शिपका पोत्यात तसाच होता, वर पावसाळ्याची दमट हवा आणि गोदामाला एकच दार. ते दार आमचे. आत काय चालले असेल, हे समजायला मिरचीचा व्यापारी असण्याची गरज नव्हती. पण ते कबूल करायचे तर तीन वेळा दिलेला नकार कबूल करावा लागला असता आणि नोंदवहीतले दोन शब्द खोडावे लागले असते. मी गप्प बसलो. सोळा दिवस. मध्ये पोळा येऊन गेला. त्या सोळा दिवसांत चार दिवस कडक ऊन होते, हे मला आजही आठवते.

सतराव्या दिवशी नरोत्तमभाई पुन्हा शाखेत आले आणि या वेळी थेट कामतसाहेबांच्या टेबलाशी गेले. टोपी पथारीवरचीच होती.

"या नरोत्तमभाई. चहा घ्या."

"चहा नको साहेब, चावी द्या."

कामतसाहेबांनी तरीही चहा मागवला. नरोत्तमभाईंनी कप हातात घेतला आणि मग प्रथमच बँकेत ते अहिराणीत बोलले.

"साहेब, माले लिलावना डर नही. बापनी पेढी शे, जाई ते जाई. पन मन्ही मिरची तुमना कुलूपमा मरी ऱ्हायनी, नि मी भायेर उभा ऱ्हाईसन देखी ऱ्हायनू. तुमना भाऊसाहेबले तीन डाव इचारं. तीन डाव."

कामतसाहेबांना अहिराणी नीट येत नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहून त्यांना सगळे सांगितले. तीन नकार सांगितले, मोजणी सांगितली, मार्थाबाईचे बोलणे सांगितले, सोळा दिवसही. नरोत्तमभाईंचा चहा संपेपर्यंत साहेब थांबले, छत्री घेतली आणि म्हणाले, "चला."

हेड ऑफिसला तार करून परवानगी मागवली असती तर आठवडा गेला असता. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होते. गोदामापाशी शिपाई लाख फोडायला पुढे झाला तेव्हा साहेबांनी त्याला मागे सारले.

"तुझं नाव नको यात. बाजूला हो."

छत्रीच्या टोकाने त्यांनी सील फोडले. दार उघडले. कोणाला शिंक आली नाही. आतून तळघरासारखा वास आला. मार्थाबाईने कोयत्याने मधल्या रांगेतले एक पोते फाडले. मिरची काळसर पडली होती, एकमेकींना चिकटून गोळे झाले होते आणि त्यांवर राखेसारखी बुरशी होती.

नरोत्तमभाई खाली बसले. एक गोळा हातात घेऊन तो सोडवत राहिले.

"शेठ, बठू नका," मार्थाबाई म्हणाली. "ऊन शे तवलोंग हात चालाडा."

दुपारपर्यंत जवळच्या वस्तीतल्या बाया जमल्या. पोती बाहेर आली आणि पथारीवर पसरली. भाद्रपदात मिरची वाळत घातलेली गावाने कधी पाहिली नव्हती. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. कामतसाहेब कोट घालून उन्हात उभे होते. त्यांनी मला कागदाचे तीन रकाने पाडायला सांगितले, चांगली, रंग उतरलेली आणि मेलेली. दोन दिवस हे चालले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. तोवर बाहेरच्या रांगा आणि वरचे थर वाचले होते. मधली पोती गेली होती, सुमारे निम्मी.

पुढच्या आठवड्यात सुरतेच्या गाडीने हेड ऑफिसचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी चाव्यांची वही मागितली, मग कामतसाहेबांना विचारले, "सील कोणी फोडलं?"

"मी."

"कोणाच्या परवानगीनं?"

"उन्हाच्या," कामतसाहेब म्हणाले. "ते दोनच दिवस होतं. तुमचं पत्र यायला आठ लागले असते."

इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांचा समज ठरलेला होता, की व्यापाऱ्याने मुळातच खराब माल भरला आणि बँकेला फसवले. कागदावर हे सोपे दिसत होते, कारण श्रावणापर्यंत माझीच नोंद 'माल सुस्थितीत' म्हणत होती. तसे ठरले असते तर कर्ज हप्त्यांनी फेडू देण्याचा प्रश्नच उरला नसता. सरळ लिलाव झाला असता आणि वर फसवणुकीचा दावा.

मी एका पानाचे निवेदन लिहून आणले होते. साप्ताहिकाच्या सवयीने त्यात विशेषणे नव्हती. ऊन दाखवण्याची परवानगी तीन वेळा मागितली गेली, तिन्ही वेळा मी नाकारली. मोजणीच्या दिवशी एकही पोते उघडले नाही. 'सुस्थितीत' हा शब्द माल न पाहता लिहिला. माल बिघडल्याचे मुकादमबाईने त्याच दिवशी सांगितले, ते मी सोळा दिवस कळवले नाही.

इन्स्पेक्टरांनी ते दोनदा वाचले. "हे लिहून तुम्ही व्यापाऱ्याला सोडवताय आणि बँकेला अडकवताय."

"बँक अडकलेलीच आहे," कामतसाहेब म्हणाले. "यांनी फक्त तारीख घातली."

मग आम्ही पथारीवर गेलो. मार्थाबाईला इन्स्पेक्टर कोण हे सांगितले, तेव्हा तिने दोन मुठी भरून आणल्या. पहिली मूठ त्यांच्या नाकापाशी नेली.

"हाई हुंगा, साहेब."

इन्स्पेक्टरांना एका पाठोपाठ सहा शिंका आल्या. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तिने दुसरी मूठ पुढे केली. काही झाले नाही.

"दोन्ही एकच वावरन्या, एकच दिन भरेल. एक दारजोडे व्हती, एक मझार व्हती. आते सांगा, यामा शेठनी चोरी काय शे?"

इन्स्पेक्टरांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. एकाच शेतातली, एकाच दिवशी भरलेली. एक दाराजवळ होती, एक आत होती. त्यांनी ते लिहून घेतले.

आज ज्याला कर्जाची पुनर्रचना म्हणतात, त्याला तेव्हा शाखेत 'हप्ते पाडून देणे' म्हणत. कामतसाहेबांनी हेड ऑफिसला लिहिलेल्या पत्राची नक्कल मीच केली होती. मागण्या तीन होत्या. जो माल आमच्या कुलपात मेला, त्याचा बोजा बँकेने सोसावा. उरलेली रक्कम तीन हंगामांत वाटून घ्यावी. आणि येत्या हंगामात ओली मिरची घ्यायला नरोत्तमभाईंना थोडी नवी उचल द्यावी, कारण ज्याची पथारी रिकामी आहे तो हप्ता कशातून देणार? तिसरी मागणी वाचून मीच दचकलो होतो. थकलेल्या माणसाला आणखी पैसे द्यायचे!

"विहिरीत पडलेल्याला दोर टाकताना," साहेब म्हणाले, "आधीचा दोर कुठं गेला हे नंतर विचारायचं असतं."

उत्तर दिवाळीच्या तोंडावर आले. लिलाव रद्द. तीन हंगामांचे हप्ते मंजूर. नवी उचल मागितली त्याच्या निम्मी. मेलेल्या मालाबद्दल एक अक्षर नव्हते. याचा अर्थ तो बोजा नरोत्तमभाईंचाच राहिला. त्यांनी पहिल्या हप्त्यासाठी गावचा केळीचा बाग विकला. हा व्यवहार त्यांनी मला कधी सुनावला नाही. मला तो तापीवरून आलेल्या एका गाडीवानाकडून कळला.

माझी एका वर्षाची पगारवाढ थांबली. कामतसाहेबांना ताकीद मिळाली. हुकुमात शेवटची ओळ अशी होती, की बँकेची पाटी आता गोदामावर न लावता पथारीच्या फाटकावर, रस्त्यावरून दिसेल अशी लावावी.

या ओळीने सगळ्यांची झोप उडाली. ओली मिरची शेतकरी विश्वासावर टाकून जात, पैसे आठवड्याने घेत. फाटकावर तारणाची पाटी दिसली की गाड्या शेजारच्या पथारीवर वळणार, हे उघड होते. पाटी लावली त्या दिवशी नरोत्तमभाई फाटकाकडे पाठ करून बसले. सकाळी पहिली गाडी आली आणि थांबली. गाडीवानाने पाटी वाचून घेतली, मागच्या गाडीवाल्याशी बोलला आणि बैल आत वळवले. मी तिथेच होतो. कामतसाहेबांनी मला मुद्दाम बसवले होते, कोणाची दिशाभूल होऊ नये म्हणून.

"ही पाटी म्हणजे बँकेची हमी नाही," मी त्याला म्हणालो. "यांचा माल आमच्याकडे तारण असतो, एवढाच अर्थ आहे."

"व्हई, व्हई," तो म्हणाला. "बँकनं नाव शे ना? बँक काय येडी शे, बुडेल माणूसना फाटकवर नाव टाकाले?"

त्या हंगामात मी प्रत्येक गाडीला हे समजावले. प्रत्येकाने व्हई म्हटले आणि मिरची उतरवली. आठवड्याने प्रत्येकाला पैसे मिळाले. ते बँकेने दिले, अशी काहींची समजूत अखेरपर्यंत राहिली.

गोदामाची रीतही बदलली. कामतसाहेबांनी मागच्या भिंतीला दोन झरोके पाडायला लावले. पावसाळ्यात उघडीप पडली की पोती बाहेर निघत आणि मी छत्री घेऊन दिवसभर पथारीवर बसे. मार्थाबाई म्हणायची, "साहेबले बी ऊन दखाडना पडस, नहीतर तो बी मरी जाई." नोंदवहीत साहेबांनी पट्टी ठेवून लाल शाईने नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिले, 'ठसका'. हिशेबतपासनीसांनी हे काय म्हणून विचारले, तेव्हा उत्तर गेले, 'माल जिवंत असल्याची खूण.' पुढे कोणी हरकत घेतली नाही. बहुधा पुढे कोणी वाचले नाही.

दुसऱ्या हंगामानंतर कामतसाहेबांची कोकणातल्या एका शाखेत बदली झाली. तिसऱ्या हंगामाचा शेवटचा हप्ता नरोत्तमभाईंनी आखाजीच्या आधी भरला. मी कुलूप काढायला गेलो. शेवटची तपासणी म्हणून दार उघडले आणि मला शिंकांची अशी लड लागली की भिंतीला धरून उभे राहावे लागले. नरोत्तमभाईंनी खांद्यावरचे उपरणे पुढे केले.

"लिखा साहेब," मार्थाबाई म्हणाली. "आते लिखा."

मी रकान्यात 'आहे' असे लिहिले. कुलूप घेतले. पाटी नरोत्तमभाईंनी दिली नाही. म्हणाले, गाडीवानांना सवय झाली आहे. पाटीचा अर्थ आता खोटा ठरेल, असे मी सांगितले. तेव्हा त्यांनी ती काढून, उलटी करून मार्थाबाईच्या झोपडीच्या दाराला फळी म्हणून ठोकून दिली.

त्या संध्याकाळी मी कामतसाहेबांना कार्ड टाकले. 'नरोत्तमभाईंचे खाते मिटले. ठसका आहे.' नऊ दिवसांनी त्यांचे उत्तर आले. एकच ओळ होती.

'त्यांना चहा दिलात ना?'

दिला नव्हता. पावती दिली होती. ती घेऊन नरोत्तमभाई बाकाजवळ जरा घुटमळले होते, हे मला कार्ड वाचताना आठवले.

दुसऱ्या दिवशी मी पथारीवर गेलो. कमरेला चाव्यांचा जुडगा नव्हता. मार्थाबाईच्या ते लगेच लक्षात आले.

"आज काय मोजाले ऊनात?"

"काही नाही. शेठना बँकेत चहाला बोलवायला आलोय."

तिने हातातली टोपली खाली ठेवली, पदराने हात पुसले.

"मंग मी बी येस."

आम्ही तिघे रूळ ओलांडून शाखेत आलो. नवे एजंट बाहेर गेले होते. त्यांच्या टेबलाशी दोनच खुर्च्या होत्या. शिपायाला तीन चहा सांगितले आणि माझ्यासाठी बाहेरचा बाक आत ओढून घेतला.